देसाई वाड्याचा दारवठा: सुताराला पैकीच्या पैकी, गवंडी उंबऱ्यापाशी नापास

बेळगावकडच्या चिकोडी तालुक्यातल्या एका देसाई वाड्याच्या दारवठ्याच्या, म्हणजे मुख्य प्रवेशद्वाराच्या, दुरुस्तीचं काम निपाणीकडच्या सुतार-गवंडी जोडीने केलं. हा अभिप्राय मुद्दाम एक पावसाळा उलटल्यावरचा आहे. नवा चुना सगळीकडेच देखणा दिसतो, खरं काय ते श्रावणानंतर कळतं.

दारवठा या भागातला नेहमीचाच. काळ्या दगडाची टोकदार कमान, तिच्या पोटात सागवानी चौकट, वर कोरलेली गणेशपट्टी, आत दोन्ही अंगांना पहारेकऱ्यांच्या देवड्या. देवड्या संपल्या की वाट काटकोनात वळते, त्यामुळे दार सताड उघडं असलं तरी रस्त्यावरून वाड्याचा आतला चौक दिसत नाही. गोकाकच्या बाजूला हेच काम तांबूस वालुकाश्मात भेटतं, खानापूरकडे जांभ्यात. घडण तीच, दगड खाणीप्रमाणे. 1824 अखेर कित्तूरचं संस्थान ईस्ट इंडिया कंपनीच्या हातात गेलं, त्याच्या आधीच पेशवाई बुडाली होती. मग पहारे उठले आणि अशा कितीतरी देवड्यांत तंबाखूची पोती नाहीतर शेणी जाऊन बसल्या. इथेही बसल्या होत्याच.

गणेशपट्टीला मधोमध चीर होती. घरच्यांना खाली लोखंडी गर्डर हवा होता. सुताराने नकार दिला आणि तो बरोबर होता. वरच्या माडीचा भार कमान घेते, पट्टी फक्त चौकट धरून ठेवते. त्याने चिरेत सागाची पातळ पाचर बसवली, बस्स. रंग काढताना ग्राइंडर लावला नाही हे त्याहून मोठं. ग्राइंडरने कमळाच्या पाकळ्यांच्या कडा गोल होतात आणि नक्षी साबणाच्या वडीसारखी दिसू लागते. इथे रंग काढायचं रसायन आणि बांबूची कामटी वापरली. पाकळीच्या टोकावरची छिन्नीची रेघ अजून नखाला लागते.

खरं कौशल्य दिसलं ते कुसवात. या दारांना बिजागऱ्या नसतात. कवाडाच्या कडेच्या खांबाचं खालचं टोक दगडातल्या खोबणीत फिरतं, वरचं चौकटीमागच्या जाड तुळईच्या भोकात. तेच कुसू. कवाड 4 बाय 9 फूट आणि अडीच इंच जाड, म्हणजे साडेसात घनफूट साग. घनफुटाला साधारण साडेअठरा किलो धरले तर लाकूडच 140 किलोच्या घरात जातं, वर खिळे-पट्ट्या वेगळ्या. हे वजन सरळ खालच्या दगडावर उतरतं. त्याच कवाडाला बिजागऱ्या ठोकल्या की ते चौकटीला लटकतं, स्क्रू सैल होतात आणि चौकट आत झुकते. सोपं पडतं म्हणून हे सर्रास करतात, आणि दोन-चार वर्षांत दिंडी (मोठ्या कवाडातलं छोटं दार) अडकली की दोष दिंडीला देतात.

इथलं कुसू कुजून आखूड झालं होतं आणि कवाड बोटभर बसलं होतं. सुताराने जॅक आणि पाचरींवर कवाड उचललं, कुजकं लाकूड निरोगी भाग लागेपर्यंत कापलं, तिरका सांधा देऊन जुन्या सागाचा तुकडा जोडला आणि दोन लाकडी खुंट्या मारल्या. खोबणीत पितळी चकती ठेवली. कवाडावरचे फुलासारख्या डोक्याचे खिळे उपटले नाहीत. त्यांची टोकं मागे वळवून लाकडात दाबलेली असतात, उपटली तर फळी फाटते. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्याचे सुळे हत्तीसाठी, इथले खिळे फळ्या आडव्या पट्ट्यांना जखडण्यासाठी. त्यांचा गंज तारेच्या ब्रशने काढून जवसाचं तेल दिलं. आता नऊ फुटी कवाड एका हाताने ढकललं जातं.

गवंड्याने कमानीच्या सांध्यांना आणि देवड्यांना चुना केला तो चोख. भिजवून मुरवलेला चुना, एक भागाला तीन भाग वाळू-सुरखी (सुरखी म्हणजे विटांची पूड), थर अर्ध्या इंचाहून पातळ, आणि आठवडाभर ओली पोती. ऐन मे महिन्यात पोती वाळू दिली असती तर केसाएवढ्या भेगांचं जाळं पडलं असतं. एकही भेग नाही. माथ्यावरचं पिंपळाचं झाड वरवर न छाटता मुळासकट काढलं, हेही नोंदवायला हवं.

मग शेवटच्या दोन दिवसांत घाई झाली आणि खोबणीच्या दगडाभोवती सिमेंट भरलं. त्या दगडाला बाहेरच्या बाजूने बोटभर पन्हळ होती, पाणी निघून जाण्यासाठी. ती भोक समजून बुजवली. पावसाळ्यात खोबणीत पाणी साचलं, पितळी चकतीवर हिरवा थर आला आणि नव्या कुसवाचा खालचा इंचभर भाग काळा पडला. सिमेंटमधून ओल बाहेर पडत नाही, ती शेजारच्या दगडातून वाट काढते, म्हणून उंबऱ्याच्या कडेला पांढरा खार फुलून दगडाचे पापुद्रे सुटायला लागलेत.

काम द्यायचंच तर सुताराला डोळे झाकून द्या. गवंड्याकडून मात्र आधी लिहून घ्या की जमिनीपासून दोन फुटांपर्यंत सिमेंटची गोणी फुटणार नाही. हिशेबही वेगवेगळा मागा: लाकूड घनफुटावर, गिलावा चौरस फुटावर, दगडकाम ब्रासवर (ब्रास म्हणजे शंभर घनफूट). एकत्र आकडा दिला की उंबऱ्याचं काम त्यात लपतं. उसाची ट्रॉली दारवठ्यातून जाणार असेल तर कोपऱ्याचे दगड कामाआधीच मोजून, फोटो काढून ठेवा.

या वाड्यात आता करायचं ते एवढंच: मृगाआधी कवाड उचलून ते सिमेंट हातछिन्नीने काढायचं (ब्रेकर नको, खोबणीचा दगड तडकेल), पन्हळ मोकळी करायची, कुसू उन्हात वाळू द्यायचं आणि बाजूच्या फटीत चुना भरायचा. एका सुताराचं दीड दिवसाचं काम. पन्हळीत तांब्याभर पाणी ओतून ते बाहेर येतं का बघायचं, मगच कवाड खाली उतरवायचं.