दिव्यांग मुलांच्या शिक्षकांसाठीच्या फिल्म्स : जूनपासूनच्या वापराचा अनुभव

आधी निष्कर्षच सांगते, म्हणजे ज्यांना वेळ नाही त्यांचं काम होईल. ज्या फिल्ममध्ये शिकवणाऱ्याचे हात स्पष्ट दिसतात आणि मुलाला लागणारा वेळ कात्री न लावता दाखवलेला असतो, ती फिल्म शाळेत कामाला येते. मग ती साध्या मोबाईलवर काढलेली का असेना. ज्या फिल्ममध्ये मागे संगीत, वर निवेदन आणि मध्येमध्ये मुलाचा हसरा चेहरा एवढंच असतं, ती पाहून डोळे भरून येतात. दुसऱ्या दिवशी वर्गात काय करायचं ते मात्र कळत नाही.

आमची शाळा सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरभागातली, जिल्हा परिषदेची, द्विशिक्षकी. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी मुख्याध्यापक सरांकडे. या वर्षी दुसरीत एक कर्णबधिर मुलगी आहे, चौथीत सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर पुरेसा ताबा नसणे) असलेला मुलगा आहे आणि तिसरीतल्या एका मुलाला फिट येते. तालुक्यातल्या शाळांना मदत करणाऱ्या गटसाधन केंद्रातून विशेष शिक्षिका येतात, मनापासून काम करतात, पण त्यांना तालुकाभर फिरायचं असतं. त्या दोन भेटींच्या मधले दिवस आमचे आम्हालाच निभवावे लागतात. लोकवर्गणीतून घेतलेला टीव्ही शाळेत होताच. जून महिन्यात ठरवलं की या विषयावरच्या फिल्म्स नुसत्या बघायच्या नाहीत, बघितलेलं वर्गात करून पाहायचं.

सगळ्यात जास्त वापर झाला तो भारतीय सांकेतिक भाषेच्या व्हिडिओ शब्दकोशाचा. दिल्लीचं भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र २०१५ साली सुरू झालं. त्यांनी २०१८ मध्ये ३,००० शब्दांचा कोश काढला, २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीत तो १०,००० शब्दांपर्यंत गेला. एकेका शब्दाची काही सेकंदांची फिल्म. याआधी आमच्याकडे भिंतीवरचा तक्ता होता, त्यात हाताचं चित्र आणि शेजारी बाण. बाणावरून हात किती वेगाने न्यायचा, कुठे थांबवायचा हे समजत नाही, आणि चेहरा तर तक्त्यात नसतोच. सांकेतिक भाषेत भुवया, मान, नजर हे सगळं व्याकरणाचा भाग आहे. प्रश्न विचारताना चेहरा कोरा ठेवला तर मुलीला तो प्रश्न वाटतच नाही. ही गोष्ट कागदावर कितीही लिहा, पाहिल्याशिवाय उतरत नाही. तिथे फिल्मला पर्याय नाही.

आमची पद्धत अशी बसली : धडा सुरू करण्याच्या आदल्या दिवशी त्यातले पाच-सहा महत्त्वाचे शब्द कोशात शोधायचे, मोबाईलवर उतरवून ठेवायचे आणि परिपाठाला सगळ्या मुलांना शिकवायचे. सगळ्यांना, फक्त तिला नाही. मुलं आमच्यापेक्षा फार लवकर शिकली. आता मैदानाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे खुणेनं निरोप जातात. मुलीच्या घरच्या काही खुणा होत्या, तिच्या आणि आजीच्या. पाऊस, भाकरी, म्हैस, ‘मामाच्या गावाला’. त्या आम्ही मोडल्या नाहीत. घरची खूण तशीच ठेवून शेजारी कोशातली खूण दिली. विशेष शिक्षिकेनंही तोच सल्ला दिला. आजी दर शनिवारी तिला न्यायला येतात तेव्हा आठवड्यातल्या खुणा त्यांनाही टीव्हीवर दाखवतो. आजी म्हणाल्या, “बाई, आमच्या टायमाला हे असतं तर माझा भाऊ असा मुका राहिला नसता.” त्यावर काय बोलावं ते मला सुचलं नाही.

कोशाची मर्यादाही सांगायला हवी. कोश शब्द देतो, बोलणं देत नाही. बहुतेक कर्णबधिर मुलं ऐकणाऱ्या आईवडिलांच्या घरात जन्मतात, त्यामुळे त्यांना भाषाच उशिरा भेटते. सात वर्षांच्या अशा मुलीशी बहिरी शिक्षिका दहा मिनिटं गप्पा मारतेय, मुलीला कळलं नाही तर तीच गोष्ट दुसऱ्या रीतीने सांगतेय, चित्र दाखवतेय, वाट पाहतेय, अशी सलग फिल्म मला हवी होती. ती फार शोधून एखाददुसरीच मिळाली, आणि तीही परदेशातली, म्हणजे खुणा वेगळ्या.

पाठ्यपुस्तकं सांकेतिक भाषेत आणण्याचं काम एनसीईआरटी (देशपातळीवरची पाठ्यपुस्तकं काढणारी संस्था) आणि दिल्लीच्या त्या सांकेतिक भाषा केंद्रानं २०२० मधल्या करारानंतर हाती घेतलं. ते व्हिडिओ देखणे आणि स्वच्छ आहेत. पण ती एनसीईआरटीची पुस्तकं, आमची बालभारतीची, त्यामुळे धड्याला धडा जुळत नाही. गणित आणि परिसर अभ्यासाचे भाग मात्र सरळ वापरता येतात. केंद्र सरकारच्या पीएम ई-विद्या या शैक्षणिक टीव्ही वाहिन्यांपैकी ३१ क्रमांकाची वाहिनी डिसेंबर २०२४ पासून फक्त सांकेतिक भाषेसाठी आहे आणि ती डीडी फ्री डिशवर दिसते, हे आमच्यासारख्या ठिकाणी फार मोलाचं. जुलै-ऑगस्टमध्ये इथे मोबाईलला रेंज नसते, डिश मात्र पावसाची सर ओसरली की पुन्हा लागते. दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवरचं जे हवं ते मी मे महिन्यातच उतरवून ठेवते.

आता चौथीतल्या मुलाबद्दल. त्याच्यासाठी सर्वांत उपयोगी पडलेली फिल्म बसण्याची होती. एक भौतिकोपचारतज्ज्ञ (फिजिओथेरपिस्ट) एका मुलाला खुर्चीत बसवते, बस, एवढंच. कंबर खुर्चीच्या पाठीला पूर्ण टेकलेली, गुडघे काटकोनात, पावलं जमिनीवर सपाट. मग ती पावलांखालचा पाट काढून घेते, आणि लगेच मुलाचे खांदे आखडतात, पेन्सिल धरलेला हात थरथरतो. पाट परत ठेवला की हात मोकळा. एकही शब्द न बोलता हे सगळं दिसतं. फिल्म थांबवून सर स्वतः उंच टेबलावर पाय लोंबकळत ठेवून बसले आणि ओळभर लिहून बघितलं. अक्षर कसं आलं ते त्यांनी वर्गालाही दाखवलं. दुसऱ्या दिवशी गावातल्या सुतारानं फळ्यांचा पायठोकळा, म्हणजे पाय टेकवायचा ठोकळा, करून दिला, बाकावर पाटी सरकू नये म्हणून चटईचा तुकडा अंथरला. विशेष शिक्षिकेनं पुढच्या भेटीत पायठोकळ्याची उंची तपासून थोडी कमी करायला लावली. म्हणून आवर्जून सांगते : बसण्याच्या, उचलण्याच्या, हातपाय ताणण्याच्या फिल्म्स जाणकाराला दाखवून मगच अमलात आणाव्यात. फिल्ममधला मुलगा आणि आपला मुलगा एक नसतो. ताणण्याचे व्यायाम तर आम्ही फिल्म पाहून केलेच नाहीत.

या मुलाला बोलायला त्रास होतो, पण समजतं सगळं. तो उत्तर द्यायच्या आधी वेळ घेतो. याबाबत मला एका फिल्मने जे दिलं ते कुठल्याच प्रशिक्षणाने दिलं नव्हतं. शिक्षिका दोन चित्रं समोर ठेवते, विचारते, आणि गप्प बसते. कॅमेरा हलत नाही. मुलगा मान वळवतो, हात उचलतो, हात भलतीकडे जातो, परत येतो. शिक्षिका प्रश्न पुन्हा विचारत नाही, “सांग ना, सांग ना” करत नाही, चित्राकडे बोटही नेत नाही. शेवटी मुलाची नजर बरोबर चित्रावर थांबते आणि ती म्हणते, “हो, मला दिसलं.” प्रेक्षक म्हणून तो वेळ जड जातो, आणि तोच शिकण्याचा भाग आहे. प्रश्न दोनदा विचारला की मुलाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते हे त्या फिल्ममध्ये डोळ्यांनी दिसतं. नंतर अशाच विषयावरची एक फार सुबक, बक्षीसपात्र वाटावी अशी फिल्म पाहिली. त्यात प्रश्न विचारला की पुढच्याच दृश्यात उत्तर, टाळ्या आणि बासरी. मधला वेळ कापलेला. फिल्म करणाऱ्यांना मनापासून विनंती आहे, तो वेळ कापू नका. तुम्हाला जो भाग कंटाळवाणा वाटतो, आम्ही नेमका त्याच्यासाठी ती फिल्म उघडलेली असते.

फिटवरच्या फिल्मबद्दल वेगळं सांगते, कारण ती आम्ही गावाला दाखवली. मुलाला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यायचं, आजूबाजूच्या टोकदार वस्तू हलवायच्या, गळ्याजवळचं बटण सैल करायचं, घड्याळ बघायचं. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन. आमच्याकडे फिट आली की कांदा फोडायचा, चप्पल हुंगवायची हेच पिढ्यान् पिढ्या चालत आलं. फिल्म पाहताना पोषण आहाराच्या स्वयंपाकी ताई मागे उभ्या होत्या. नोव्हेंबरात मुलाला फिट आली ती हात धुण्याच्या नळापाशी, आणि तिथे सगळ्यात आधी पोहोचल्या त्याच. आम्ही धावत जाईपर्यंत त्यांनी त्याला कुशीवर घेतलं होतं, पदर डोक्याखाली दिला होता आणि दुसरीतल्या पोरांना “लांब व्हा, वारा येऊ द्या” म्हणून सांगत होत्या. तेव्हापासून कुठलीही फिल्म आम्ही दोघंच बघत नाही. स्वयंपाकी ताई, मुलाला आणणारा मदतनीस, अंगणवाडी सेविका, जमेल त्या पालकांना बोलावतो. या फिल्म्सवर ‘शिक्षकांसाठी’ असं लिहिलेलं असतं, पण मुलाचा दिवस शिक्षकांपुरता नसतो.

पाहण्याची एक युक्ती आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, एका शिक्षकांनी सांगितली आणि ती फार चांगली निघाली. पहिल्यांदा आवाज बंद करून बघायचं. निवेदन नसलं की नजर आपोआप हातांकडे, मुलाच्या अंगाकडे जाते. मग आवाज लावून परत. आणि एका बैठकीत एकच छोटा तुकडा, तोही करून बघण्यासाठी.

त्यांच्याच शाळेत एक अंध मुलगा आहे. ब्रेलची खाचांची पाटी आणि टोचायची लेखणी वापरून ब्रेल (बोटांनी वाचायची उठावदार ठिपक्यांची लिपी) लिहायचं कसं, याची एक फिल्म आम्ही शिक्षण परिषदेत एकत्र पाहिली. ब्रेल लिहिताना कागदावर उजवीकडून डावीकडे टोचत जातात, मग कागद उलटला की डावीकडून उजवीकडे वाचता येतं. त्यात कॅमेरा समोरून लावलेला, म्हणजे सगळंच पुन्हा उलटं. निम्मे शिक्षक गोंधळले. हेच लिहिणाऱ्याच्या खांद्यामागून दाखवलं असतं तर समजावून सांगायची गरजच पडली नसती. त्याच फिल्ममधला दुसरा भाग मात्र उत्तम होता : मुलाचा हात धरून ओढायचा नाही, आपला हात त्याच्या हाताखाली ठेवायचा, म्हणजे काय शोधायचं, कधी सोडायचं हे त्याच्या हातात राहतं.

आवडलं नाही ते थोडक्यात. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, आणि बऱ्याच प्रशिक्षण फिल्म्स ते एकविसाच्या एकवीस एका बैठकीत वाचून दाखवतात. स्लाईडवरचं वाचणारा आवाज, शेवटी प्रश्नावली, प्रमाणपत्र. यातून शिक्षकाच्या हाती यादी येते. दुसरं, दया. मुलाला देवाचं लेकरू म्हणणं, आईला रडताना जवळून दाखवणं. आमच्या चौथीतल्या मुलानं स्वतः अशी फिल्म पाहिली तर त्याला काय वाटेल, हा विचार फिल्म करणाऱ्याने केलेला नसतो. तिसरं, मराठी. चांगल्या फिल्म्स हिंदी-इंग्रजीत, आणि मराठीत आणल्या की भाषा शासन निर्णयासारखी; ताईंना कळत नाही. शिवाय अनेक फिल्म्सना खाली बोलण्याची अक्षरं (सबटायटल्स) नसतात. कर्णबधिर मुलांना शिकवण्याविषयीची फिल्म कर्णबधिर शिक्षकालाच बघता येऊ नये, हे मला पटत नाही.

फिल्म्सची मांडणीही प्रकारांच्या नावांनी असते, आणि आमचे प्रश्न कामांचे असतात. पेन्सिल कशी धरवायची. खिचडी भरवताना मान मागे गेली तर ठसका लागतो, म्हणून हनुवटी किंचित खाली ठेवून कसं भरवायचं. रांगेत उभं कसं राहायचं, सहलीला कसं न्यायचं. कामावरून शोधता आलं तर किती वेळ वाचेल.

आणि शौचालय. याबद्दल कोणीच दाखवत नाही. शू लागल्याचं मुलानं कसं सांगावं, उचलताना आपली पाठ कशी सांभाळावी, मोठ्या होत चाललेल्या मुलाची लाज राखून मदत कशी करावी, मुलींच्या बाबतीत कोणी जावं. बाहुली वापरून किंवा मोठ्या माणसांनी करून हे नीट दाखवता येईल. अशी मराठी फिल्म कुणाच्या पाहण्यात असेल तर इथे नक्की लिहा. आमचा मुलगा जूनमध्ये पाचवीला खालच्या गावातल्या शाळेत जाणार आहे. तिथल्या सरांना पायठोकळा, चित्रांची पाकिटं आणि उतरवलेल्या फिल्म्सचं पेनड्राईव्ह आम्ही देणारच आहोत, त्यात ही एक हवी आहे.