पत्रा वाचवायचा की चेक घ्यायचा? अपघातानंतर क्लासिक गाडीचं काय करावं

चार-पाच वर्षांच्या गाडीला ठोकर बसली तर फारसं डोकं चालवावं लागत नाही. गाडी गॅरेजला जाते, सर्व्हेअर येतो, नवा फेंडर बसतो, गाडी घरी येते. चाळीस-पन्नास वर्षं जुन्या गाडीच्या मालकासमोर मात्र दोन प्रश्न लागोपाठ उभे राहतात. दुरुस्त करायची की विम्याचे पैसे घेऊन सोडायची? आणि दुरुस्त करायची तर कोणाकडे? यातलं निम्मं उत्तर पॉलिसी घेतली त्याच दिवशी ठरलेलं असतं.

ठरलेली किंमत आणि बाजारभाव

पॉलिसी उघडा आणि आधी एकच गोष्ट शोधा: गाडीची किंमत कशी धरली आहे. ठरलेल्या किमतीच्या पॉलिसीत आकडा सुरुवातीलाच दोघांनी मान्य केलेला असतो. गाडी टोटल लॉस झाली, म्हणजे दुरुस्ती परवडणार नाही असं कंपनीने ठरवलं, तर तोच आकडा मिळतो, घासाघीस नाही. साध्या पॉलिसीत अपघाताच्या दिवशीचा बाजारभाव धरतात किंवा वयानुसार घसारा कापतात. जुन्या गाडीला घसारा लावणं म्हणजे आजीच्या नथीला मोडीचा भाव लावणं. तुमची पॉलिसी अशी असेल तर जुन्या गाड्यांची जाण असलेल्या मूल्यांककाचा लेखी अहवाल, तशाच गाड्यांच्या अलीकडच्या विक्रीच्या किमती आणि आजवरच्या कामाची बिलं घेऊनच बोलायला बसा.

ठरलेली किंमतही डोळे झाकून चांगली नसते. समजा गाडी आज शंभराची आहे, पण पॉलिसीत जुना साठचाच आकडा राहिलाय आणि दुरुस्तीला पंचेचाळीस लागणार आहेत. तुमच्या लेखी हा निम्म्याहून कमी खर्च. कंपनीच्या लेखी तो किमतीचा पाऊण हिस्सा, म्हणजे टोटल लॉसचा शिक्का मारायला पुरेसा. कमी किमतीचा विमा हप्त्यात चार पैसे वाचवतो आणि सहज वाचली असती अशी गाडी भंगारात घालतो.

आणखी एक गोष्ट लोकांना उशिरा कळते. चूक समोरच्याची असेल आणि तुम्ही त्याच्या विमा कंपनीकडे दावा केलात, तर तुमच्या पॉलिसीतला आकडा तिच्यावर बंधनकारक नसतो. तो करार तुमचा आणि तुमच्या कंपनीचा. म्हणून नुकसान मोठं असेल तर आपल्या कंपनीकडून भरपाई घ्यावी आणि समोरच्याकडून वसुली तिलाच करू द्यावी, हे मला जास्त शहाणपणाचं वाटतं. किरकोळ खरचट्याला थेट समोरच्याकडे गेलात तरी चालेल.

कंपनीचं गॅरेज आणि आपला कारागीर

इथे माझं मत आधीच सांगून टाकतो: बंपर, दिवा, काच एवढंच गेलं असेल तर कुठेही जा, पत्र्याला मार असेल तर जुन्या गाड्यांचाच माणूस हवा.

कंपनीच्या गॅरेजचे फायदे खरे आहेत. पैशांचा व्यवहार परस्पर होतो, काम लवकर सुटतं, कामाची हमीही बहुधा मिळते. पण तिथली सगळी घडी ‘जुना भाग काढा, नवा लावा’ यावर बसलेली असते. एस्टिमेट काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये इतक्या जुन्या गाडीच्या कामाचे तास बहुधा सापडतच नाहीत, मग अंदाजाने भरतात. नवा भाग मिळाला नाही की पुट्टी येते. हातोडी आणि डॉलीने (पत्र्यामागे धरायच्या लोखंडी ठोकळ्याने) पत्रा मूळ आकारात आणणारा डेंटर तिथे असेलच असं नाही.

कारागिराकडे वेळ जातो, कधी फार जातो, आणि सर्व्हेअरला तासांचा हिशेब पटवून देणं तुमच्या गळ्यात पडतं. त्याच्या बदल्यात गाडी ओळखणारा डोळा मिळतो. बीटलचे चारही फेंडर बोल्टने लावलेले असतात, सोडवले की खालचा मार दिसतो. जॅग्वार ई-टाईपचं लांबलचक बॉनेट ही पुढची जवळपास सगळी बॉडीच. त्याच्या आत नळ्यांची चौकट असते आणि पॅनेल बाहेरून सरळ दिसलं तरी ती चौकट वाकलेली असू शकते. मॉर्गनच्या पत्र्याखाली अ‍ॅश लाकडाचा सांगाडा असतो. तडा लाकडाला जातो आणि वरचा रंग मात्र शाबूत राहतो. कॉर्व्हेटची बॉडी 1953 पासून फायबरग्लासची, तिथे पत्र्याची हातोडी कामाचीच नाही. हे ज्याला सांगावं लागतं त्याच्या हाती गाडी देऊ नये.

रंगाचंही तसंच. जुन्या एकथरी रंगाशेजारी आजचा क्लिअर कोटचा, म्हणजे वर पारदर्शक थर असलेला रंग मारला तर छटा जुळूनही झळाळी वेगळी दिसते. आधी एका तुकड्यावर मारून उन्हात बघा.

दुरुस्ती, रोख की टोटल लॉस

भाग मिळतात का, यावर बरंच अवलंबून असतं. एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारची तर अख्खी नवी बॉडीशेल 1988 पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज बनवते. अशा गाडीला सहसा ‘संपली’ म्हणू नये. मोजक्याच बनलेल्या मॉडेलचा एक दरवाजा शोधण्यात मात्र वर्ष जाऊ शकतं.

दुरुस्तीऐवजी रोख घेऊन स्वतः काम करून घेणं मोहाचं असतं, पण उघडल्यावर निघालेला आतला मार मग बहुतेक तुमच्याच खिशातून जातो. कंपनीच्या मंजुरीने काम चालू असेल तर पुरवणी एस्टिमेट देता येतं. म्हणून गाडी पूर्ण उघडल्याशिवाय अंतिम तडजोडीवर सही नको.

टोटल लॉस ठरलीच तर भंगारमूल्य वजा करून गाडी परत घेता येते का ते विचारा; अनेक कंपन्या देतात. काही देशांत अशा गाडीच्या कागदांवर कायमची नोंद होते आणि पुढे विकताना किंमत पडते. गाडी विकायचीच नसेल तर ही नोंद मी फारशी मनावर घेणार नाही. मूळ इंजिन आणि मूळ चासी शाबूत असेल तर गाडी ठेवावी. चासीच पिळली असेल तर चेक घ्यावा.

टोइंगवाल्याच्या आवारात दिवसागणिक भाडं चढतं, तेव्हा कंपनीला कळवून गाडी लवकर हलवा. हलवण्याआधी चहूबाजूंनी आणि खालून फोटो काढा. गॅरेजला लिहून द्या की काढलेला एकही भाग टाकायचा नाही. चुरगळलेला फेंडर बिनकामाचा वाटतो, पण नवा हाताने घडवायची वेळ आली तर कडा आणि छिद्रं त्याच्यावरूनच मोजायची असतात.