मूल लंगडतंय: खुब्याची साधी सूज की सांध्यात पू?

तीन ते आठ वर्षांचं मूल एकाएकी लंगडायला लागलं, खुबा हलवू देईना, की नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाणा तालुक्यांतल्या पालकांपुढे प्रश्न असतो: घरी थांबायचं की आजच नाशिक गाठायचं?

साधी सूज बहुधा सर्दी-तापानंतर येते. मूल कुरकुरतं, पण लंगडत का होईना चालतं. पाय हळूच फिरवला तर थोडाफार फिरवू देतं. विश्रांती आणि वजनाप्रमाणे आयब्युप्रोफेन, एवढ्यावर एक-दोन दिवसांत उतार पडतो. पू झाला असेल तर मूल पाय दुमडून, बाहेर टाकून पडून राहतं आणि कपडे बदलतानाही किंचाळतं. सांध्यातला दाब वाढून मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो, कुर्चा (सांध्यातल्या हाडांवरचं मऊ आवरण) झिजते. इथे 'लचक भरली' म्हणून चोळत बसणं फार महागात पडतं.

डॉक्टर चार गोष्टी मोजतात: ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर ताप, पायावर भार न देणं, ईएसआर (रक्तातली सूज दाखवणारी तपासणी) ४० च्या वर, रक्तातल्या पांढऱ्या पेशी १२,००० च्या वर. १९९९ मधल्या मूळ अभ्यासात यातल्या तीन असतील तर पू असण्याची शक्यता ९३ टक्के निघाली, दोन असतील तर ४०. पुढे दुसरीकडे पडताळताना मात्र चारही असून ५९ टक्केच भरली. म्हणून आकडा हा निकाल नव्हे. सीआरपी ही सूज दाखवणारी दुसरी रक्ततपासणी सोबत हवीच. ती लिटरला २० मिलिग्रॅमच्या वर गेली तर संशय वाढतो. रिपोर्टवरचं एकक आधी बघा: डेसिलिटरमध्ये हीच किंमत २ दिसते.

एक्स-रेवर विसंबू नका. हाडातला जंतुसंसर्ग त्यात उमटायला दहा-बारा दिवस जातात. सोनोग्राफी सांध्यात साठलेलं पाणी दाखवते, पू आहे का ते सांगत नाही. ते सुईने पाणी काढल्यावरच कळतं. शेजारच्या हाडात संसर्ग आहे का हे बघायला एमआरआय उत्तम, पण त्याच्या तारखेसाठी सुई आणि पू काढणं लांबवू नये. मूल फार अत्यवस्थ नसेल तर अँटिबायोटिकचा पहिला डोस रक्त आणि सांध्यातलं पाणी कल्चरला (जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला) गेल्यावरच द्यावा. मेडिकलमधून आणून आधीच पाजलं तर कल्चरमध्ये जंतू उगवेलच असं नाही. पेठहून निघताना वाटेत काही खाऊ घालू नका, भूल द्यावी लागू शकते.

पू धुऊन काढल्यावर शिरेतून दोन ते चार दिवस औषध, ताप उतरून सीआरपी खाली आली की तोंडाने. सांध्यासाठी एकूण साधारण दोन-तीन आठवडे, हाडासाठी तीन-चार. तिसऱ्या दिवशीही सीआरपी चढतीच असेल तर पू कुठे साठलाय का, ते पुन्हा शोधावं.

तान्ह्या बाळाला ही मोजणी लावू नका. ताप नसूनही ते एक पाय हलवत नसेल, तर त्याच दिवशी दाखवा. घरात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असेल तर आवर्जून सांगा, जंतू वेगळा असू शकतो. दुखणं आठवडेच्या आठवडे रेंगाळत असेल तर क्षयाचीही तपासणी व्हावी.