ब्रेक ऑइल बदलताना: लिव्हर दाबावा की सिरिंजने ओढावे?

ज्यांनी घरच्या घरी मोटरसायकलचे ब्रेक ऑइल बदलायचे ठरवले आहे आणि ऑइलच्या डबीच्या झाकणावर डॉट ४ (ऑइलचा प्रकार) असे वाचून त्याची सीलबंद बाटलीही आणून ठेवली आहे, त्यांच्यापुढे एकच निर्णय उरतो: जुने ऑइल लिव्हर दाबून बाहेर ढकलायचे, की चाकापाशी असलेल्या कॅलिपरच्या (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) निप्पलला, म्हणजे ऑइल बाहेर सोडणाऱ्या पोकळ स्क्रूला, सिरिंज लावून खालून ओढायचे. मी दोन्ही करून पाहिले आहे. नागपुरात हे काम मी दर दोन वर्षांनी, मेच्या अखेरीस, पाऊस लागण्यापूर्वी काढतो; हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते आणि उघड्या डबीला आपल्याकडची मेमधली कोरडी हवा जुलैपेक्षा केव्हाही बरी.

डॉट ४ चे ताजे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाण्याचे प्रमाण ३.७ टक्क्यांवर गेले की हीच मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. ऑइल उकळले की वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच दबत असल्याने लिव्हर दाबूनही ब्रेक लागत नाही. मागे माणूस बसवून चिखलदऱ्याचा घाट उतरताना माझा लिव्हर एकदा थेट मुठीला टेकला होता, तेव्हापासून या कामात मी चालढकल करत नाही.

सिरिंजची सोय खरी आहे. औषधाच्या दुकानातून ५० मिलीची सिरिंज आणि सलाइनची नळी आणली की मदतनीस लागत नाही आणि कॅलिपरजवळ बसून सगळे उरकते. ब्रेकची नळी किंवा कॅलिपर बदलल्यावर लाइन पूर्ण कोरडी असेल, तर ऑइल पहिल्यांदा खाली आणायला मीही सिरिंजच वापरेन.

परंतु ओढताना नळीत बुडबुडे येतात आणि येतच राहतात. निप्पल सैल केला की त्याच्या आट्यांमधून बाहेरची हवा आत खेचली जाते, त्यामुळे दिसणारा बुडबुडा ब्रेकच्या लाइनमधला आहे की आट्यांमधून आलेला, हे ओळखता येत नाही. मी एकदा तासभर ओढत बसलो, जवळजवळ अख्खी बाटली संपवली आणि तरीही ब्रेक हवामुक्त झाला असे छातीठोकपणे म्हणू शकलो नाही. आट्यांना ग्रीस लावल्याने बुडबुडे कमी झाले, पण शंका गेली नाही. आणि ब्रेकच्या बाबतीत शंका घेऊन रस्त्यावर उतरणे मला मान्य नाही.

लिव्हर दाबताना आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त असतो, म्हणून नळीत आलेला बुडबुडा आतलाच असतो आणि तो थांबला म्हणजे हवा संपली. आमच्याकडे मुलगी लिव्हरवर असते आणि मी आठचा रिंग पाना घेऊन निप्पलपाशी. ‘दाब’, ‘धरून ठेव’, मग मी निप्पल उघडून बंद करतो आणि त्यानंतरच ‘सोड’. हा क्रम चुकला तर हवा परत आत जाते, हे मान्य करायला हवे. जुन्या गाडीत लिव्हर मुठीपर्यंत दाबू नये, कारण मास्टर सिलिंडरचे (लिव्हरजवळच्या, ऑइल ढकलणाऱ्या पंपाचे) सील एरवी न वापरल्या जाणाऱ्या खरबरीत भागावर घासून फाटू शकते. मुठीला लाकडाचा तुकडा बांधला की ही काळजी मिटते.

दोन्ही पद्धतींत डबी रिकामी होऊ देऊ नये, मागच्या ब्रेकची तर अगदी चिमुकली असते. एबीएसच्या (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या) यंत्रणेत हवा शिरली, तर काही गाड्यांना सर्व्हिस सेंटरचे यंत्रच लावावे लागते. ऑइल टाकीच्या रंगावर सांडल्यास ते न पुसता लगेच भरपूर पाण्याने धुवावे.

आपण एकटेच असाल, तर सिरिंजकडे वळण्यापूर्वी एवढे करून पाहावे: पारदर्शक नळी निप्पलपासून आधी वर न्यावी, मग खाली वळवून तिचे टोक तळाशी थोडे ऑइल असलेल्या बाटलीत बुडवावे. बहुतेक गाड्यांवर एक हात लिव्हरवर ठेवून दुसरा पुढच्या कॅलिपरपर्यंत पोहोचतो, आणि लिव्हर चुकून आधी सुटलाच तरी नळीतून हवेऐवजी ऑइलच मागे येते.