काचभट्टीचं ऊर्जा-ऑडिट: काम चोख, रिपोर्ट रटाळ

आमची बाटल्यांची भट्टी एंड-फायर्ड (ज्योत एका टोकाच्या भिंतीतून येणारी), दोन रिजनरेटरची (म्हणजे जाणाऱ्या धुराची उष्णता साठवून आत येणारी हवा तापवणारे विटांचे कक्ष), निम्मं आयुष्य उलटलेली. गॅसचं बिल बघून मालकांनी बाहेरची ऑडिट टीम बोलावली. अशी मंडळी येतात, थर्मल कॅमेऱ्याचे लाल-पिवळे फोटो काढतात आणि जाताना इन्सुलेशन गळ्यात मारतात, हा माझा अनुभव. त्यामुळे मी जरा तिरकाच बघत होतो.

यांनी आधी ऑक्सिजन मोजला, तोही दोन जागी: रिजनरेटरच्या माथ्यावर आणि खाली फ्लूमध्ये, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या मार्गात. आमचा कायमचा प्रोब फ्लूमध्ये. तिथे साडेचार टक्के दिसायचा, म्हणून शिफ्टवाले हवा कमी करत राहायचे. माथ्यावर मात्र जेमतेम अर्धा टक्का, वर कार्बन मोनॉक्साइड. म्हणजे ज्योतीला हवा पुरत नव्हती आणि रिजनरेटरच्या भिंतींतून थंड हवा फुकटची आत घुसत होती. ती कुठून येते हे शोधायला त्यांच्यातल्या एकाने चक्क उदबत्ती काढली. धूर जिथे आत ओढला जाई, तिथे खडूची फुली. संध्याकाळपर्यंत सांधे, चेकर (रिजनरेटरमधली विटांची जाळी) सफाईची दारं, सगळीकडे फुल्याच फुल्या. लाखांचा कॅमेरा तोवर पेटीतच होता!

भेगा चालू भट्टीतच बुजवल्या. क्राउनवर, म्हणजे भट्टीच्या छतावर, जादा इन्सुलेशन टाकायला मात्र त्यांनी सरळ नकार दिला. सिलिकाच्या विटांचे सांधे उघडे असताना वरून झाकलं, तर सोड्याची वाफ सांध्यात थिजते आणि वीट आतून खाऊन उंदराच्या बिळासारखी भोकं पाडते. आधी सांधे, मग पांघरूण. विकायला आलेला माणूस 'नको' म्हणतो, हे आमच्या धंद्यात विरळाच.

टनामागे गॅस सुमारे 3 टक्क्यांनी उतरला. पण त्याच काळात आम्ही बॅचमध्ये (भट्टीत जाणाऱ्या कच्च्या मालात) कलेटही, म्हणजे फुटक्या काचेचा चुराही, वाढवलं होतं, आणि 10 टक्के कलेट वाढलं की अडीच-तीन टक्के ऊर्जा तशीच वाचते. तेव्हा सगळं श्रेय ऑडिटला देणार नाही.

रिपोर्ट उशिरा आला, तोही जाडजूड आणि इंग्रजीत. ऑपरेटरला भिंतीवर लावता येईल असा एक कागद त्यात नाही. तो शेवटी मीच मराठीत लिहून काढला. फीही कमी नाही. बोलावणार असाल तर भेगा बुजवल्यानंतरची फेरमोजणी करारातच लिहून घ्या. आमच्याकडून तिचे वेगळे पैसे घेतले.