सेफीड की सुपरनोव्हा? दीर्घिकांची अंतरं मोजताना

प्रकल्पासाठी दीर्घिकांची अंतरं काढायची आहेत, पण सेफीड तारे (ज्यांचं तेज ठरावीक काळानं कमी-जास्त होतं) घ्यावेत की आयए प्रकारचे सुपरनोव्हा (श्वेतबटू ताऱ्यांचे स्फोट) हे ठरत नाहीये, असं एका विद्यार्थिनीनं विचारलं. दोन्हींची रीत एकच: मूळ तेज माहीत असलं की ते किती फिकं दिसतं यावरून अंतर निघतं.

पल्ल्याच्या बाबतीत सामना एकतर्फी आहे. सेफीड हबल दुर्बिणीलाही साधारण दहा कोटी प्रकाशवर्षांपर्यंतच नीट वेगळे दिसतात. आयए सुपरनोव्हा ऐन भरात सूर्याच्या काही अब्ज पट तेजस्वी असतो. तो अब्जावधी प्रकाशवर्षांवरूनही सापडतो.

अचूकतेचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं. हे सगळे स्फोट एकसारखे असतात असं सर्रास सांगतात, ते अर्धसत्य आहे. तेजस्वी स्फोट सावकाश मंदावतो, फिका लवकर. खगोलशास्त्रज्ञ मार्क फिलिप्स यांनी 1993 मध्ये हा संबंध मांडला: शिखरानंतरच्या 15 दिवसांत निळ्या प्रकाशात तेज किती घटलं ते मोजायचं आणि त्यानुसार दुरुस्ती करायची. धुळीचाही हिशेब केला की एका स्फोटावरून काढलेल्या अंतरातली चूक 7 टक्क्यांच्या आसपास राहते. पण हे सापेक्ष अंतर, म्हणजे एक स्फोट दुसऱ्याच्या किती पट दूर एवढंच! मूळ तेज ठरवायला बहुधा जवळच्या दीर्घिकांतले सेफीडच कामी येतात. त्यांचा आवर्तकाल (तेजाच्या एका चढउताराला लागणारा वेळ) आणि तेज यांचं नातं खगोलशास्त्रज्ञ हेन्रिएटा लेव्हिट यांनी 1912 मध्येच दाखवलं होतं.

मेहनत? सेफीड पुन्हा पुन्हा पाहता येतो. सुपरनोव्हाचं शिखर हुकलं की हुकलंच.

ठरावीक, जवळची दीर्घिका असेल तर सेफीड घ्या. विश्वाच्या प्रसरणाचा इतिहास हवा असेल तर सुपरनोव्हा. प्रसरणाचा वेग वाढतोय हे 1998 मध्ये त्यांच्यामुळेच कळलं. हबल स्थिरांक, म्हणजे प्रसरणाचा आजचा दर, काढायचा असेल, तर मात्र दोन्ही लागतील.