कोरियन धनुष्य ८ महिने वापरून: ४५ पाउंड, पण कुठपर्यंत ओढल्यावर?

आधीच सांगतो, धनुष्य झकास आहे. तक्रार आहे ती त्यावर लिहिलेल्या ४५ पाउंड या आकड्याची (हे धनुष्याचं वजन नाही, दोरी ओढायला लागणारा जोर), आणि तीही खरं तर आकड्याची कमी आणि माझ्या अकलेची जास्त.

मी नोकरीमुळे कोरियात सुवॉनला राहतो. इकडच्या पारंपरिक तिरंदाजीला गुकगुंग म्हणतात, टार्गेट १४५ मीटरवर असतं (हो, १४५च, टायपो नाहीये). पुण्यात असताना ३६ पाउंडचा साधा रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) मारायचो, त्यामुळे म्हटलं ४५ म्हणजे थोडं जड जाईल, पण महिन्या-दोन महिन्यांत हात बसेल. घेतलं फायबरग्लासचं, गेर्यांगगुंग म्हणतात त्याला. शिंगाचं गाकगुंग नवख्याच्या हातात कोणी देत नाही आणि खिशालाही झेपत नाही.

पहिल्या आठवड्यात खांद्याची वाट लागली. अंगठा सोललेला तो वेगळाच, कारण इथे दोरी तीन बोटांनी नाही तर अंगठ्यात रिंग घालून ओढतात. वाटलं दुकानदाराने चुकून जड पीस दिला की काय, म्हणून बॅगा तोलायचा तो डिजिटल काटा असतो ना, तोच लावला. माझ्या जुन्या सवयीने २८ इंचाला, म्हणजे दोरी तेवढी ओढून, मोजलं तर १७.९ किलो, म्हणजे साधारण साडेएकोणचाळीस पाउंड! आता हे तर उलटंच झालं, धनुष्य लिहिलंय त्यापेक्षा हलकं आणि खांदा मात्र गेलेला.

आमच्या शिकवणाऱ्या सरांना दाखवलं तर ते हसले आणि म्हणाले, २८ ला कोण मोजतं, बाण किती लांब आहे बघ. आणि तिथे डोक्यात प्रकाश पडला. कोरियन बाणाची लांबी जुन्या मापात सांगतात, १ जा म्हणजे ३०.३ सेंमी आणि त्याचा दहावा भाग म्हणजे १ ची. नेहमीचा बाण २ जा ६ चीच्या आसपास, हिशोब करा, ७८.८ सेंमी, बरोब्बर ३१ इंच! माझ्या धनुष्यावरचे ४५ पाउंड हे त्या ३१ इंचाचे होते. परत काटा लावला, ३१ ला २०.४ किलो, म्हणजे ४५ ला ४५. दुकानदार बिचारा निर्दोष. मधल्या ३ इंचांत साडेपाच पाउंड, म्हणजे शेवटी शेवटी इंचाला पावणेदोन-दोन पाउंड वाढतात.

रिकर्व्हला मी हनुवटीशी थांबायचो, इथे हात कानाच्या मागे जातो, त्यामुळे माझे २८ चे कधी साडेतीस झाले मलाच कळलं नाही. २८ ला मोजल्यावर ३६ वरून ४० ला जातोय असं वाटत होतं, प्रत्यक्षात उडी ४४ वर. आमच्यातला एक उंच मुलगा हेच धनुष्य ३२ ला ओढतो, त्याच्या हातात ते ४७ च्या आसपास जातं. एकच धनुष्य, प्रत्येकाचा आकडा वेगळा.

अजून एक गोम आहे. इंच मोजायचे कुठून कुठपर्यंत? अमेरिकन पद्धतीत दोरीपासून धनुष्याच्या मुठीच्या खोलगट भागापर्यंतचं अंतर घेऊन त्यात पावणेदोन इंच मिळवतात, म्हणजे त्यांचे २८ हे खरे सव्वासव्वीस. कोणी मुठीच्या आतल्या बाजूपर्यंत मोजतं, कोणी बाहेरच्या. माझ्या धनुष्याची मूठ ३ सेंमी जाड आहे, तेवढ्यातच दोन पाउंडांचा फरक निघतो. त्यामुळे विकत घेताना नुसतं किती पाउंड विचारू नका, किती इंचाला आणि कुठपर्यंत मोजलंय ते विचारा.

घरी मोजणार असाल तर काट्याच्या हुकाला कापड गुंडाळा, नाहीतर दोरी कापते. बाणावर इंचाइंचावर टेप लावा, हळू ओढा, हिसका दिलात की काटा काहीही दाखवतो. आणि हातातून दोरी सुटू देऊ नका, बाणाशिवाय सुटली की धनुष्य गेलंच समजा.

गाकगुंगवाले लोक या पाउंडांच्या भानगडीत फार पडतच नाहीत. म्हशीचं शिंग, बांबू, स्नायूंचे तंतू आणि माशाच्या फुग्याचा गोंद, सगळं हवेवर अवलंबून. पावसाळ्यात गोंद मऊ पडतो म्हणून उबदार पेटीत ठेवतात. आमच्यातले एक आजोबा नुसतं ओढून सांगतात, आज नरम आहे. जुनी वर्गवारीही तशीच, गांग म्हणजे कडक, जुंग म्हणजे मध्यम, यॉन म्हणजे नरम. मला तर हेच जास्त प्रामाणिक वाटतं.

बाणाचं वजन परत तिसऱ्याच मापात, डोनमध्ये, १ डोन म्हणजे ३.७५ ग्रॅम. इकडे सोनंही डोनवर विकतात, बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला १ डोनची अंगठी देतात, आपल्या तोळ्याचा साधारण तिसरा हिस्सा. माझे बाण ७ डोनचे. लांबी मात्र आधी आपल्या ओढीप्रमाणे बघा, बाण आखूड पडला तर टोक मुठीच्या आत येतं आणि सोडल्यावर थेट हातात घुसू शकतं. इथे काटकसर नको.

८ महिन्यांनी परत मोजलं, ३१ ला २०.१ किलो. दोरी एकदा बदललीय, बाकी काही झालं नाही. तरी आता परत घ्यायचं असतं तर ४० च घेतलं असतं, कारण शेवटच्या फेरीत हात थरथरतो. ५ पैकी ५ लागले तर त्याला मोल्गी म्हणतात, माझे अजून ३ च्या वर गेलेले नाहीत. ३ लागले त्या दिवशी ओरडावंसं वाटलं होतं, पण बाण मारताना गप्प राहायचं हा इथला नियम आहे, मग काय, गप्प बसलो.